ऑस्कर कोणाला? दुसऱ्या पसंतीची मतं बघा

ऑस्कर सोहळा जवळ आला की सिनेमावेड्या मंडळींच्या गप्पांत अंदाजांना ऊत येतो. यंदा ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ कोणता? कुणी स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेल्या चित्रपटाचं नाव घेतं, तर कुणी सर्वाधिक नामांकनं मिळवणाऱ्याचं. हे दोन्ही आडाखे वारंवार चुकतात. २०२२च्या सोहळ्यात ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकनं होती आणि ‘कोडा’ला अवघी ३. जिंकला ‘कोडा’. २०२५मध्ये ‘एमिलिया पेरेझ’ १३ नामांकनं घेऊन आला आणि त्याच्या पदरात पडले २ पुरस्कार. माझ्या मते अंदाज बांधायला सुरुवात करायची ती चित्रपटांच्या गुणदोषांपासून नव्हे, तर मतमोजणीपासून.

आधी मतदार कोण, ते पाहू. १९२७ साली स्थापन झालेली, ऑस्कर देणारी ॲकॅडमी ही सिनेमा बनवणाऱ्यांची संस्था आहे. समीक्षकांना तिथे समीक्षक म्हणून स्थान नाही. मतदानाचा हक्क असलेले सदस्य आज दहा हजारांच्या आसपास आहेत आणि ते व्यवसायानुसार शाखांमध्ये विभागलेले आहेत: अभिनेते, दिग्दर्शक, संकलक, छायालेखक, लेखक, संगीतकार वगैरे. अभिनेत्यांची शाखा सगळ्यात मोठी. नामांकनाच्या फेरीत साधारणपणे ज्याची त्याची शाखा आपापल्या विभागातली नावं निवडते, म्हणजे दिग्दर्शकांची नावं दिग्दर्शक ठरवतात आणि संकलकांची संकलक. चित्रपटाचं नामांकन मात्र सगळे मिळून करतात. अंतिम फेरीत सर्व विभाग सर्वांना खुले होतात.

बेन ॲफ्लेकला ‘आर्गो’च्या दिग्दर्शनासाठी नामांकनसुद्धा नव्हतं, तरी २०१३मध्ये ‘आर्गो’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, त्याचं कारण इथेच आहे. दिग्दर्शकांच्या लहानशा शाखेची आवड वेगळी, संपूर्ण ॲकॅडमीची वेगळी. पुढे ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’च्या बाबतीतही हेच घडलं.

आता मोजणी. अभिनय, दिग्दर्शन, छायालेखन अशा बहुतेक विभागांत सरळ हिशेब असतो: एक सदस्य, एक मत आणि ज्याला जास्त मतं तो विजयी. पाच जणांत मतं विखुरली, तर वीस टक्क्यांहून थोडी अधिक मतं मिळवणाराही जिंकू शकतो. ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ या एका विभागाची रीत मात्र न्यारी. २००९ सालच्या चित्रपटांपासून नामांकनं पाचाची दहा झाली आणि त्याबरोबर पसंतीक्रमाची पद्धत आली. मधली काही वर्षं नामांकनांचा आकडा कमी-जास्त होत राहिला. २०२२च्या सोहळ्यापासून तो पुन्हा दहावर स्थिरावला आहे.

पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीच्या बातम्या वाचणाऱ्यांना ही पद्धत नव्याने शिकवायला नको. विधान परिषदेच्या त्या निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोटा पूर्ण झाला नाही, की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. ऑस्करमध्ये थेट हेच होतं. सदस्य दहा चित्रपटांचा क्रम लावतो. पन्नास टक्क्यांच्या पुढे कुणी गेलं नाही, तर सगळ्यात कमी मतांचा चित्रपट बाद. एखाद्या मतपत्रिकेवरचा पुढचा चित्रपट आधीच बाद झाला असेल, तर त्याच्या पुढचा बघायचा. कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत फेऱ्या चालू राहतात.

एक छोटा हिशेब मांडून पाहू. समजा १०० मतपत्रिका आहेत आणि चार चित्रपट आहेत. पहिल्या पसंतीची मतं अशी: ‘क’ला ३८, ‘ख’ला ३२, ‘ग’ला १८, ‘घ’ला १२. जिंकायला ५१ हवीत. ‘घ’ बाद होतो. त्याच्या १२ मतपत्रिकांवर दुसरी पसंती पाहिली, तर ८ ‘ख’कडे जातात, ३ ‘ग’कडे आणि फक्त १ ‘क’कडे. आता ‘क’ ३९, ‘ख’ ४०, ‘ग’ २१. मग ‘ग’ बाद होतो आणि त्याच्या २१पैकी १५ ‘ख’ला, ६ ‘क’ला मिळतात. शेवट: ‘ख’ ५५, ‘क’ ४५. पहिल्या फेरीत सहा मतांनी मागे असलेला ‘ख’ जिंकला.

‘क’चं काय चुकलं? त्याचे चाहते भरपूर होते, पण ज्यांना तो पहिल्या क्रमांकाचा वाटला नाही त्यांनी त्याला थेट खाली ढकललं. म्हणून अंदाज बांधताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हा चित्रपट ज्याला सर्वांत आवडलेला नाही, तो सदस्य याला कितव्या क्रमांकावर ठेवेल? दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर सहज बसणारा चित्रपट इथे लांबचा पल्ला गाठतो. आठव्या-नवव्या क्रमांकावर टाकला जाणारा चित्रपट कितीही गाजलेला असो, अडकतो.

२०२२च्या सोहळ्याआधीचे शेवटचे आठवडे या दृष्टीने बघण्यासारखे आहेत. जेन कॅम्पियनचा ‘द पॉवर ऑफ द डॉग’ हा संथ, दबक्या ताणाचा चित्रपट. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. मार्चच्या मध्याला अमेरिकेतल्या डिरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेने कॅम्पियनला गौरवलं आणि लगोलग ब्रिटनच्या बाफ्टानेही तिच्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ठरवलं. ‘कोडा’ मात्र मूकबधिर आईवडिलांच्या गाणाऱ्या मुलीची साधी, हळवी गोष्ट. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांचा ‘खामोशी’ पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा विषय ओळखीचा वाटेल. २७ फेब्रुवारीला स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने ‘कोडा’च्या सगळ्या कलाकारसंचाला पुरस्कार दिला, म्हणजे अभिनेते कुठे झुकलेत ते दिसलं. मग ऑस्करचं अंतिम मतदान चालू असतानाच, १९ मार्चला, प्रोड्यूसर्स गिल्डनेही ‘कोडा’ निवडला. पारडं फिरलं ते इथे. २७ मार्चच्या सोहळ्यात दिग्दर्शनाचं ऑस्कर कॅम्पियनला मिळालं आणि तिच्या चित्रपटाला मिळालेला तो एकमेव पुरस्कार ठरला. ‘कोडा’ने आपली तिन्ही नामांकनं जिंकली. कारागिरीत ‘द पॉवर ऑफ द डॉग’ कितीतरी सरस आहे, असं मला आजही वाटतं. पण ‘कोडा’ नावडणारा माणूस शोधावा लागतो आणि पसंतीक्रमात त्याचीच किंमत असते.

प्रोड्यूसर्स गिल्डच्या निकालाला मी एवढं महत्त्व देतो, कारण तेही याच पसंतीक्रमाने मतं मोजतात. २००९ ते २०२४ या काळातल्या चित्रपटांचा ताळा केला, तर त्यांची आणि ॲकॅडमीची निवड फक्त तीनदा वेगळी निघाली: त्यांनी ‘द बिग शॉर्ट’ निवडला तेव्हा ऑस्कर ‘स्पॉटलाइट’ला गेलं, ‘ला ला लँड’च्या वर्षी ‘मूनलाइट’ला आणि ‘१९१७’च्या वर्षी ‘पॅरासाइट’ला. यातल्या ‘स्पॉटलाइट’ आणि ‘पॅरासाइट’ला अभिनेत्यांच्या गिल्डचा कलाकारसंचाचा पुरस्कार आधीच मिळाला होता. म्हणून दोन गिल्ड दोन दिशांना गेले, की डोळे उघडे ठेवावेत.

मोजणी दोन तऱ्हांची असल्यामुळे दिग्दर्शन आणि चित्रपट यांची फारकतही वाढली आहे. अल्फोन्सो क्वारोनला ‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘रोमा’ या दोन्हींसाठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. चित्रपटाचं ऑस्कर मात्र पहिल्या वेळी ‘१२ इयर्स अ स्लेव्ह’ने नेलं आणि दुसऱ्या वेळी ‘ग्रीन बुक’ने. अटीतटीच्या वर्षी हे दोन पुरस्कार दोन चित्रपटांत वाटून अंदाज करायला मी कचरत नाही.

या पद्धतीमुळे गुळमुळीत चित्रपटच जिंकतात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. ‘मूनलाइट’, ‘पॅरासाइट’ आणि ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ याच पद्धतीने जिंकले आणि त्यांतला एकही गुळमुळीत नाही. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला, तोही पहिल्यांदा याच मोजणीत.

अभिनयाच्या विभागांत पसंतीक्रम नसल्याने तिथे निष्ठावंत चाहत्यांचा गट कामी येतो. स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा निकाल तिथे मोठी खूण, पण एकटा पुरेसा नाही. २०२५मध्ये ‘द सबस्टन्स’साठी तो डेमी मूरला मिळाला होता. बाफ्टा मात्र ‘अनोरा’च्या मायकी मॅडिसनला आणि ऑस्करही तिलाच. ॲकॅडमीत अमेरिकेबाहेरच्या सदस्यांची संख्या वाढल्यापासून बाफ्टाकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही.

२०२६च्या सोहळ्यापासून एक नियम बदलला आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असणं आता सक्तीचं आहे. ॲकॅडमीच्या स्वतःच्या ऑनलाइन व्यासपीठावर चित्रपट पाहिला तर त्याची नोंद होते. बाहेर पाहिला असेल, तर कुठे आणि कधी ते लिहून द्यावं लागतं. माझं भाकीत असं, की याचा सर्वांत जास्त फायदा माहितीपट, लघुपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या विभागांत दिसेल. तिथे ओळखीच्या नावाला मत देऊन मोकळं होणं आता कठीण.

आंतरराष्ट्रीय विभागाशी आपला जिव्हाळ्याचा संबंध आहे. प्रत्येक देशाकडून एकच चित्रपट जातो, त्यांतून पंधरांची यादी आणि मग पाच नामांकनं. भारताने आजवर ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट पाठवले. एकही शेवटच्या पाचांत पोहोचला नाही. ‘श्वास’च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी इथल्या सामान्य माणसांनी पैसे उभे केले होते, कारण तिथल्या सदस्यांनी चित्रपट मुळात बघावा यासाठीच मोठा खर्च येतो. उत्तम चित्रपट पाठवणं ही पहिली पायरी. तो मतदारांपर्यंत पोहोचवण्याची तजवीज पाठवणाऱ्यांनीच करायला हवी, लोकवर्गणीच्या भरवशावर ती सोडू नये.

आपल्याकडे सोहळा सोमवारी पहाटे दिसतो. यंदा रविवारी संध्याकाळीच घरच्यांना आणि मित्रांना दहाही चित्रपटांचा क्रम कागदावर लिहायला सांगा, पाहिलेले असोत वा फक्त ऐकलेले. मग वर सांगितल्याप्रमाणे तळाचा एकेक चित्रपट बाद करत मतं मोजा. पहिल्या फेरीत पुढे असलेलं नाव शेवटपर्यंत टिकतं का, ते बघा आणि पहाटेच्या निकालाशी ताडून पाहा.