साहेब कसा आहे?

शिरवळच्या कारखान्यांमुळे आपल्या खंडाळा तालुक्यातल्या कितीतरी घरांचं घड्याळ पाळीवर चालतं. डबा कधी भरायचा, मुलांना कधी गप्प बसवायचं, सगळं त्यावरच. एवढं सांभाळूनही घरी आलेला माणूस तोंड पाडून बसला की आपण म्हणतो, "काम फार असेल." मैत्रिणींनो, कामाची चौकशी पुरे, एकदा साहेबाची करून पाहा.

नुसतं दमणं वेगळं. दमलेला माणूस जेवतो, झोपतो, सकाळी ताजा होतो. पण सुट्टीनंतरही शीण जात नाही, ज्या कामाचा अभिमान होता त्याचाच तिटकारा येतो आणि 'आपल्याला काही जमतच नाही' असं वाटू लागतं, तेव्हा त्याला 'बर्नआउट' म्हणतात. माणूस आतून करपतो म्हणा ना! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची नोंद घेतली. हा आजार नव्हे, नोकरीतल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असं ती सांगते. तेव्हा 'आमचे हेच जरा हळवे' असं म्हणून मोकळं होऊ नका.

ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांची मोठी पाहणी १९६७ साली सुरू झाली. जबाबदारी मोठी तिथे हृदयविकार जास्त, असं आपल्याला वाटेल. निघालं उलटंच! खालच्या पायरीवरचे लोक त्याने अधिक दगावत होते. पुढे १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत दिसलं, की आपलं काम कसं करावं हे ठरवायची मुभा ज्यांना कमी, त्यांना धोका जास्त. आता ही मुभा द्यायची की नाही, हे बहुधा साहेबाच्याच हाती, नाही का?

आमच्या शेजारच्या वहिनींच्या यजमानांचंच घ्या. यंत्र तेच, पगार तोच. जुने सुपरवायझर पाळी आठवडाभर आधी सांगत, चूक झाली तर बाजूला घेऊन बोलत. नवे आले ते संध्याकाळी मोबाइलवर पाळी बदलणारे आणि दहाजणांसमोर ओरडणारे. तीन महिन्यांत यजमानांनी देवळातलं भजनसुद्धा सोडलं. वहिनी हुशार. बदललेल्या पाळ्यांच्या तारखा त्यांनी कॅलेंडरवर मांडल्या. ते घेऊन तिघे कामगार मिळून कार्यालयात गेले. (एकट्याने गेलं की माणूस 'तक्रारखोर' ठरतो.) आता पाळीचा कागद शनिवारी लागतो. ओरडणं मात्र चालूच आहे.

शिकलेल्यांच्या वातानुकूलित कचेऱ्यांतही हेच. २०२४ साली पुण्यात २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट मुलगी नोकरी लागल्यावर चारच महिन्यांत वारली. साहेब क्रिकेटचे सामने पाहून बैठकींच्या वेळा बदलत आणि दिवस संपताना काम देत, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रात लिहिलं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे कंपनीला मान्य नव्हतं.

घरी आलेल्या माणसाला दारातच प्रश्न विचारू नका. चहा होऊ द्या. नोकरी तुमचीच असेल तर तुमचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा! पण झोप उडाली, 'जगून काय करायचं' असे शब्द तोंडी आले, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.