पायी चालणाऱ्याची वाट

धानाच्या बांध्या पाडताना आपण धुरा सोडतो. धुऱ्यावर धान पिकत नाही. तरी तेवढी जमीन वाया गेली, असे कोणी म्हणत नाही. का बरे? कारण धुरा पाणी अडवतो, आणि धुऱ्यावरून माणूस चालतो. धुराच ठेवला नाही, तर निंदायला जायचे कसे? डोक्यावरचा भारा न्यायचा कोठून? हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना होते.

शहरात रस्ता बांधतात, तेव्हा हा धुरा पुष्कळदा विसरला जातो. मोटारींसाठी रस्ता होतो. पायी चालणाऱ्याची आणि सायकलवाल्याची वाट मात्र राहून जाते. असे का होते, आणि आपण त्यावर काय करू शकतो, ते आता पाहू.

रस्त्याने जाते कोण?

आपली मुर्री गोंदिया शहराला लागून आहे. सकाळ झाली की माणसे शहराकडे निघतात. कोणी राइस मिलवर जातो, कोणी बांधकामावर. कोणी भाजीची टोपली घेऊन बाजारात जाते. मुले शाळेत जातात. सगळ्यांकडे मोटार आहे काय? नाही. कोणाकडे फटफटी आहे, कोणाकडे सायकल आहे, आणि कोणाचे दोन पाय हेच वाहन.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या लोकांना विचारले होते, "तुम्ही कामावर कसे जाता?" देशभरात दर तीन माणसांमागे एकाहून जास्त माणसांनी सांगितले, पायी किंवा सायकलने. म्हणजे ही मूठभर माणसे नव्हेत.

सरकारही सायकलीला उत्तेजन देते. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण मुलीला सायकल दिली आणि सायकलीला वाट दिली नाही, तर ती मुलगी शाळेत कशी पोहोचेल? बाप म्हणतो, "रस्ता वाईट आहे पोरी, घरी बस." रस्त्याचे काम असे मुलीच्या शिक्षणाला जाऊन भिडते.

काम निघाले की काय होते?

रस्त्याचे काम निघाले की पहिला घाव कडेवर पडतो. गिट्टीचा ढीग कडेला. मुरूम कडेला. नाली खोदली की तिची माती कडेला. मोटारींसाठी दुसऱ्या वाटेची पाटी लागते. पायी माणसासाठी पाटी नाही नि वाट नाही. तो मग मोटारींच्या मधून चालतो.

काम संपले, तरी त्रास संपतोच असे नाही. नवा सिमेंटचा रस्ता पुष्कळदा जुन्या जमिनीपेक्षा वीतभर उंच होतो. कडेला मुरूम भरून ती सारखी करायची असते. ते काम मागे राहते. मागून ट्रक आला, सायकलवाल्याने कड धरली, की चाक खाली घसरते आणि माणूस पडतो. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, तेव्हा हीच तक्रार पुष्कळ वस्त्यांतून आली. रस्ता उंच झाला आणि घरे खाली राहिली. पावसाचे पाणी दारात येऊ लागले.

नालीवरचे झाकण फुटलेले असते, किंवा नसतेच. फुटपाथ केला तर त्यावर विजेचा खांब येतो, दुकानाचा माल येतो, उभी गाडी येते. मग फुटपाथ असून नसल्यासारखा.

आता रस्ता ओलांडण्याचे पाहा. थोडा हिशेब करू. रस्ता १४ मीटर रुंद आहे असे समजा. धडधाकट माणूस तो सुमारे १२ सेकंदांत ओलांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळात २०० मीटर पुढे येते. म्हणजे लांब दिसणारी मोटार अंगावर आलीच म्हणायची. म्हाताऱ्या माणसाला १७-१८ सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार ३०० मीटरच्या जवळपास येते. इतक्या दूरची मोटार म्हाताऱ्या डोळ्यांना दिसते तरी काय?

रस्त्याच्या मधोमध दुभाजक असेल आणि त्यात उभे राहण्यापुरती सपाट जागा सोडली असेल, तर माणूस अर्धा रस्ता ओलांडतो, थांबतो, मग उरलेला ओलांडतो. धोका पुष्कळ कमी होतो. पण जागा न सोडता दुभाजक उंच बांधला, तर बाया डोक्यावर ओझे घेऊन त्यावरून चढतात. दुभाजक तोच, पण एका ठिकाणी तो आधार होतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडथळा.

ही केवळ गैरसोय नव्हे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती आणि ४,८३६ सायकलवाली होती. दोन्ही मिळून भागाकार करा. दर दिवसाला शंभराहून जास्त माणसे होतात. शंभर घरांचा रोज एकेक माणूस गेला.

असे का होते?

इंजिनिअर साहेब काय वाईट माणसे असतात? तसे नाही. गोम मोजणीत आहे.

रस्ता किती रुंद करायचा, हे ठरवण्याआधी त्यावरची वाहने मोजतात. पण ट्रक आणि फटफटी सारख्या कशा धरायच्या? म्हणून मोटारीचे माप लावतात. आपण धान पायलीने मोजतो, तसे वाहतूक मोटारीने मोजतात. आपल्या देशात रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. तिने गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी १९९० मध्ये जे माप दिले, त्यात एक मोटार म्हणजे एक. ट्रक म्हणजे तीन मोटारी. सायकल म्हणजे अर्धी मोटार. आणि मोठी बैलगाडी? आठ मोटारी!

ऐकून बरे वाटेल, की बैलगाडीला केवढा हा मान! पण तो मान नव्हे. बैलगाडी हळू चालते, मोटारींना अडवते, म्हणून तिचा आकडा मोठा. कोण किती अडथळा करतो, याचे ते माप आहे. गाडीत किती माणसे बसली, याचे नव्हे. आणि पायी चालणाऱ्याला त्या मापात आकडाच नाही. शंभर बाया भाजी घेऊन गेल्या, तरी त्या कोष्टकात पडते शून्य.

जे मोजले नाही ते कागदावर येत नाही. जे कागदावर नाही त्याला नकाशात जागा नाही. नकाशात जागा नाही त्याला अंदाजपत्रकात पैसा नाही. मग ठेकेदार ते काम करील कशाला? सगळी साखळी पहिल्या कडीपासूनच चुकली.

पायी माणसाची मोजणी करता येत नाही, असे मात्र नाही. त्याच संस्थेने फुटपाथांसाठी निराळे नियम केले आहेत. फुटपाथावर चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर असावी, म्हणजे सुमारे चार हात. फुटपाथाची उंची १५ सेंटिमीटरहून, म्हणजे सहा इंचांहून जास्त नसावी. फार उंच फुटपाथावर म्हातारी माणसे चढत नाहीत, खालूनच चालतात. काम चालू असतानाही पायी माणसाला सुरक्षित वाट द्यावी, असा नियम आहे. नियम आहेत, पण ते मागणारा लागतो.

कोणी म्हणतात, "मोटारवाला कर भरतो. सायकलवाल्याने रस्ता का मागावा?" त्यांना सांगा, साबणाची वडी घेतली तरी कर भरतो. सायकलची चेन घेतली तरी कर भरतो. रस्ता सगळ्यांच्या पैशाचा आहे.

दुसरीकडे काय झाले?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेले. मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, आणि सायकली कडेला गेल्या. पुढे तिथे सायकलींसाठी पट्टे बांधले. पण ते तुकड्यातुकड्यांनी झाले. थोडे अंतर पट्टा, मग मध्येच खांब, मग उभ्या गाड्या, मग पट्टाच गायब. पूल नदीच्या मध्यावर संपला तर त्याचा काय उपयोग? तसेच ते झाले. पुढे पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी धोरण ठरवले. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, बसायला जागा केली. तिथे आता म्हातारी माणसे नि लेकरे निवांत चालतात. मनात आणले तर होते, हे त्यावरून दिसते.

मुंबईत २००८ पासून पायी माणसांसाठी उंच पूल बांधले. त्यांना स्कायवॉक म्हणतात. पहिला वांद्र्याला झाला. काहींचा उपयोग झाला, काही ओस पडले. कारण उघड आहे. दमलेला माणूस, गुडघे दुखणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई, यांनी इतके जिने चढायचे कसे? मोटारीला उतार-चढाव सोपा, तिला इंजिन आहे. तरी जिना मात्र पायी माणसाच्या वाट्याला.

युरोपात नेदरलँड्स नावाचा लहान देश आहे. तिथे सायकली फार. लोकांना वाटते, तिथे पहिल्यापासून असेच असेल. पण नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त लेकरे होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "लेकरांचे बळी थांबवा," अशी चळवळ केली. सरकारला ऐकावे लागले. मग सायकलींसाठी निराळ्या वाटा झाल्या. त्या वाटा मागून मिळाल्या आहेत.

कायदा काय म्हणतो?

कायदा आपल्या बाजूला आहे. चांगला रस्ता व फुटपाथ मिळणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी तेच पायी चालणाऱ्यांबद्दल सांगितले. चालण्याजोगा, मोकळा फुटपाथ हा त्यांचा घटनेतील हक्क आहे, आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे. खड्ड्यात किंवा उघड्या गटारात पडून माणूस मेला, तर त्याच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

पण भरपाईने माणूस परत येत नाही. खड्डा आधी बुजला पाहिजे, वाट आधी ठेवली पाहिजे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, वेळ साधा. सिमेंट ओतल्यावर बोलून उपयोग थोडा. रस्त्याचे काम मंजूर झाले असे कानावर येताच विचारा, "नकाशात पायी माणसाची वाट कोठे आहे?" गावातला रस्ता असेल तर ग्रामसभेत विचारा. शहरातला असेल तर नगर परिषदेत विचारा. मोठा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागात विचारा. रस्ता कोणाचा, हे कामाच्या जागी लावलेल्या फलकावर लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. तो फलक वाचा. कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत, सगळे वहीत उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट, स्वतः मोजा. साहेबांच्या कोष्टकात आपण नाही, तर आपले कोष्टक आपण करू. चौघांनी सकाळी ८ ते १० रस्त्याच्या कडेला बसावे. एकाने पायी माणसे मोजावी, दुसऱ्याने सायकली, तिसऱ्याने फटफट्या, चौथ्याने मोटारी नि ट्रक. एका माणसाला एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. म्हणजे पाचाचा जुडगा होतो आणि बेरीज सोपी जाते. लेकरे किती, म्हातारी माणसे किती, तेही टिपावे. असे तीन दिवस करावे. एक दिवस बाजाराचा असू द्यावा.

तिसरी गोष्ट, लिहून द्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्ज असा लिहावा :

"मा. मुख्याधिकारी साहेब, नगर परिषद, यांस.
विषय : रस्त्याच्या कामात पायी व सायकलने जाणाऱ्यांची सोय करण्याबाबत.
महाशय, अमुक रस्त्याचे काम निघणार आहे. आम्ही तीन दिवस मोजणी केली. तिचा कागद सोबत जोडला आहे. तरी रस्त्याच्या कडेला चालण्याची वाट ठेवावी. नालीवर झाकणे बसवावी. दुभाजकात ओलांडण्याची जागा ठेवावी. काम चालू असताना तात्पुरती वाट व रात्री दिवा ठेवावा, ही विनंती.
आपले नम्र,"

खाली सह्या करा. अंगठा नको, सही करा. अर्जाची एक प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर कचेरीचा शिक्का व तारीख घ्या. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. हा कायदा २००५ चा आहे. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. रस्त्याचा नकाशा आणि अंदाजपत्रक मागा. त्यात आपली वाट आहे की नाही, ते कळेल.

चौथी गोष्ट आपल्या घरची आहे. फुटपाथावर आपण गाडी लावू नये. नालीवर दुकान वाढवू नये. रात्री सायकलला मागे लाल चकती लावावी. आपली बाजू स्वच्छ असली, की बोलायला जोर येतो.

एवढे सगळे एकट्याने होणार नाही. पण चार माणसे, एक वही, एक पेन्सिल आणि तीन सकाळी, इतके तर होईल ना? पुढच्या रस्त्याच्या कागदावर शून्याच्या जागी आपला आकडा पडला पाहिजे. तो आकडा लिहिण्यापुरते अक्षर आता आपल्या हाती आले आहे.