बेडकाचा फोटो काढा, बेडूक धरू नका

मृगाचा पाऊस झाला की आपल्या बेळगाव-निपाणी भागात रात्री बेडकांचा एकच गलका उठतो. तो ऐकून काही घरांतली मुले बॅटरी व पोते घेऊन बाहेर पडतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. यंदा त्यांच्या हाती पोत्याऐवजी मोबाईल द्यावा, एवढेच सांगायचे आहे.

पहिल्या पावसात मोठ्या बेडकाचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याशी दोन निळे फुगे येतात. नेमका याच दिवसांत तो सहज सापडतो. पण याच दिवसांत मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. एकेकाळी या बेडकांच्या तंगड्या आपल्या देशातून हजारो टनांनी परदेशी जात. सरकारने १९८७ साली ही निर्यात बंद केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे या बेडकाची शिकार हा गुन्हा आहे. तरीही गोव्याकडे ‘जंपिंग चिकन’ म्हणून तो अजून चोरून खाल्ला जातो. हाच बेडूक खाचरातले नाकतोडे, अळ्या व खेकडे खातो, आणि त्याची मजुरी आपण देत नाही!

फोटो चांगला यायचा तर उभ्याने काढू नये. पोत्यावर उकिडवे बसून मोबाईल बेडकाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्याने बाजूने बॅटरी धरावी, म्हणजे ओल्या कातडीवर चकाकी येत नाही. उजेड थोडाच वेळ पाडावा. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो व पाणी शोषतो. म्हणून तंबाखूचा, खताचा किंवा औषधाचा हात त्याला लावू नये. तारीख व जागा वहीत लिहून ठेवावी. बेडकांमागे साप येतो, हे मात्र विसरू नये. पायात गमबूट हवेत, बांधाच्या बिळात हात नको, आणि मुलांबरोबर मोठे माणूस हवेच.

बेळगाव-सावंतवाडी रस्त्यावरच्या आंबोलीत जांभ्या दगडाच्या सड्यावर एक छोटा भेक राहतो. डॉ. एस. डी. बिजू, डॉ. वरद गिरी व सहकाऱ्यांनी २००९ साली तो नवी जात म्हणून जगापुढे मांडला. इतकी वर्षे लोक त्याच्या शेजारून जात-येत होते.

आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपत बसणारा खरबरीत पाठीचा प्राणी म्हणजे साधा भेक. त्याला शिवल्याने चामखीळ येत नाही; चामखीळ विषाणूमुळे येते. पण त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत विषारी पांढरा चीक असतो. चुकून हात लागला तर साबणाने धुवावा, तोवर डोळे चोळू नयेत. कुत्र्याने तोंडात धरला आणि फेस येऊ लागला तर तोंड बाजूला वळवून पाण्याने धुवावे व जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

आणखी एक. तंबाखू, सोयाबीन वा भातावर फवारणी झाल्यावर पंप ओढ्यात किंवा डबक्यात विसळू नये. बेडकाची पिले कित्येक आठवडे पाण्यातच असतात, आणि त्याच पाण्यावर आपली गुरे येतात. पंपात थोडे पाणी घालून तो तीनदा खळखळावा आणि ते पाणी फवारलेल्या पिकावरच मारावे.