पायातली उलटी गंगा

नांदेडच्या मोंढ्यात पोती वाहण्यात हयात गेलेला एक हमाल बाबा ड्रेसिंगच्या खोलीत येऊन बसला. पायाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलेलं. हातातल्या पिशवीतून त्यानं मलमांच्या ट्यूबा काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. मोजल्या तर अकरा भरल्या. "सात वर्सं झाले सिस्टर, भरंनाच. लई ठणकूलालंय."

फडकं सोडलं. घोट्याच्या आतल्या अंगाला तळहाताएवढी उथळ जखम, कडा वेड्यावाकड्या, भोवतीची कातडी तव्यासारखी काळी आणि टणक, सतत पाझरणारं पाणी. जखम बघून झाल्यावर मी त्याला उभं केलं आणि धोतर मांडीपर्यंत वर घ्यायला सांगितलं. मांडीच्या आतल्या बाजूनं थेट पोटरीपर्यंत करंगळीएवढी जाड, नागमोडी, निळसर शीर टरारून उभी राहिली. दुखणं त्या शिरेत होतं आणि सात वर्षं मलम लागत होतं घोट्याला. आजवर कुणी धोतर वर घ्यायला सांगितलंच नव्हतं.

पाठ्यपुस्तकात या रोगाला 'अपस्फीत नीला' म्हणतात. तीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी वॉर्डात एकदाही ऐकला नाही. डॉक्टर 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात, पेशंट 'नसा फुगल्या' म्हणतो, आणि तेवढ्यावर दोघांचं भागतं.

नसा फुगतात का, हे समजावताना मला विष्णुपुरी फार उपयोगी पडायची. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथंच आहे, आणि गोदावरीचं पाणी पंपानं उचलून शेतीला देणारी उपसा सिंचन योजनाही तिथलीच. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पायातलं रक्तही असंच उपसावं लागतं. हृदय ते खाली ढकलतं खरं, पण घोट्यापासून छातीपर्यंत परत चढवायचं तर पंप लागतो. तो पंप म्हणजे पोटरी, मराठवाड्याच्या बोलीत पिंढरी. पाऊल टाकलं की तिचे स्नायू आवळतात आणि शिरेतलं रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजाग एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पाडुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञानं १६०३ मध्ये छापलं, आणि त्याचा शिष्य विल्यम हार्वे यानं १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करताना त्यांचाच पुरावा दिला.

झडप सैल झाली की गंगा उलटी वाहते. वरचं रक्त खालच्या झडपेवर येऊन पडतं, तीही ताणते, मग तिच्या खालची. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. चांगल्या झडपांचा माणूस चालू लागला की तो तिसाच्या खाली येतो. झडपा गेलेल्याचा मात्र चालूनही पुरेसा उतरत नाही. हा चढा दाब वर्षानुवर्षं राहिला की रक्तातलं पाणी आणि तांबड्या पेशी कातडीत झिरपतात, पेशींतलं लोह तिथंच साचून काळे डाग पडतात, खाज सुटते, कातडी चामड्यासारखी घट्ट होते. मग एक दिवस खाटेचं लाकूड लागायचं निमित्त होतं आणि जखम उघडते.

हा बायकांचा आजार, असा एक समज आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या लोकांचे पाय तपासले, तेव्हा मोठ्या शिरा फुगलेले पुरुष सुमारे ४० टक्के आणि बायका ३२ टक्के निघाल्या. बायका दवाखान्यात लवकर येतात, पुरुष जखम झाल्यावर येतात, एवढाच फरक मला दिसला. बाळंतपणात शिरा फुगतात हे खरं. पण त्या पहिल्या खेपेच्या असतील तर बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात, म्हणून गरोदरपणात ऑपरेशनची घाई करत नाहीत. आई-वडिलांना असेल तर मुलांनी सावध राहावं. लठ्ठपणा आणि वय यांची त्यात भर पडते.

आणि उभं राहणं. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात. त्या रस्त्यांवरच्या दुकानांत सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत काउंटरमागं उभी असलेली पोरं बघा. डाळमिलमधल्या बाया, आडतीवरचे हमाल, कंडक्टर, न्हावी, चौकातला पोलीस, शिकवणीच्या वर्गात एकामागून एक बॅच घेणारे मास्तर, आणि आम्ही नर्सेस. माझ्याबरोबरच्या तिघीजणी याच दुखण्याच्या पेशंट होत्या. दुसऱ्यांच्या पायांना पट्टी बांधून ड्यूटी संपली की रेस्टरूममध्ये स्वतःचे पाय भिंतीला वर लावून पडायच्या.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या यादीतले. त्यामुळं पाय सुजला की घरचे आधी हत्तीरोगाचंच नाव घेतात, आणि शिरांचा पेशंट कित्येकदा हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या खाऊन आलेला असतो. ढोबळ फरक असा: शिरांची सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, पायाची बोटं बहुधा सुजेतून वाचतात. हत्तीरोगाची जुनी सूज पाऊल-बोटांसकट असते, हळूहळू घट्ट होते, मग खड्डा पडत नाही. दुसरी फसगत इसबाची. घोट्यावर खाज सुटलेला माणूस वर्षभर खाजेचं मलम लावतो आणि शिरेकडं कुणी बघत नाही. तिसरी गोष्ट मधुमेहाची: त्याची जखम सहसा तळव्याला किंवा बोटाला, शिरेची घोट्याच्या वर आतल्या अंगाला. एकाच माणसाला दोन्ही असणं मात्र आता नवलाचं राहिलेलं नाही. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागली तर ती वेगळी भानगड. आतल्या खोल शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पक्कं निदान डॉपलर सोनोग्राफीनं होतं, तेही पेशंटला उभं करून.

आता पट्टीचं सांगते, कारण या आजारात नर्सचं खरं काम तेच.

पट्टी बांधण्याआधी पावलावरची नाडी बघायची. धमन्याच तुंबलेल्या असतील, आणि विडी-तंबाखूवाल्यांत व मधुमेहींत त्या पुष्कळदा असतात, तर घट्ट पट्टीनं पाय काळा पडेल. घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून भागाकार करतात, तो ०.८ च्या खाली आला तर पुरा दाब द्यायचा नाही. हे न बघता पट्टी आवळणाऱ्या सिस्टरला मी जागीच थांबवायचे.

पट्टी सकाळी, पेशंट खाटेवरून उतरायच्या आधी बांधायची. रात्रभर पाय वर ठेवल्यानं सूज उतरलेली असते. खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या की काम होतं. नुसत्या उशीवरून पाय रात्री घसरतो. पाऊल काटकोनात धरायचं, सुरुवात बोटांच्या मुळाशी, टाच झाकायची, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकत वर न्यायचा आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी. नवशिक्या पोरी नेमकं उलटं करतात. घोट्याशी भीतभीत सैल, आणि पट्टी घसरू नये म्हणून गुडघ्याखाली करकचून. मग खालचा पाय फुग्यासारखा फुगतो आणि पेशंट म्हणतो, पट्टीनंच वाढलं. बांधून झाल्यावर बोटांचा रंग, गारवा, मुंग्या बघायच्या. नख दाबून सोडलं की लाली पटकन परत आली पाहिजे.

इथं जोडव्यांचा प्रश्न येतो. सूज असलेल्या बोटात जोडवी रुतलेली असतात आणि बाई काढू देत नाही. नवरा शेजारी उभा असला तर नाहीच नाही. मी वाद घालत नसे. "मावशी, जोडवी पदराला बांधून ठेवा, सूज उतरली की मी स्वतः घालून देते," म्हटलं की बहुतेकजणी ऐकायच्या. सूज उतरल्यावर मी घालूनही द्यायचे. तोरड्यांचं सोपं असतं, त्या आधीच घट्ट होऊन काढलेल्या असतात.

जखमेसाठी घोट्याशी ४० मिलिमीटरच्या आसपास दाब लागतो. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात यासाठी चार थरांची पट्टी तयार झाली. तिथल्या क्रिस्टीन मोफॅट या परिचारिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी वस्तीवस्तीत नर्सेसची जखम-केंद्रं चालवून, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा या पट्टीनं भरत आणल्या आणि त्याचे निष्कर्ष १९९२ मध्ये छापले. आपल्याकडं तयार चार थर महाग पडतात. खाली कापसाची गादी, वर क्रेप बँडेजचे दोन थर, एवढ्यावर मी बरीच वर्षं काम भागवलं. बांधणारा हात सरावाचा हवा.

जखम धुवायची ती सलाइननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, रॉकेल, चुना, तंबाखूची राख यांतलं काही नको. हे सगळं जखमेवर लावलेलं मी बघितलं आहे. अँटिबायोटिक मलमांची ॲलर्जी येऊन भोवतीची कातडी आणखी सोलपटते. ताप, पसरणारी लाली, घाण वास असेल तरच अँटिबायोटिक, तेही पोटातून आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर. महिनोन्महिने न भरणाऱ्या, कडा उचलून आलेल्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवावा. क्वचित तिथं कर्करोग निघतो.

लवचीक मोज्यांची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेतला कॉनराड जॉब्स्ट हा इंजिनिअर स्वतः शिरांच्या दुखण्यानं हैराण होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब जितकं खोल तितका जास्त, म्हणजे घोट्याशी सर्वाधिक. तोच हिशेब त्यानं मोज्यात विणला. पण हा मोजा मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढं असताना नांदेडात घालायचा म्हणजे शिक्षाच. पेशंट तो कपाटात ठेवतात, हे मला ठाऊक आहे. तडजोड अशी: गुडघ्यापर्यंतचाच मोजा घ्या, सकाळी घाला, रात्री काढा. पावलावर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली की मोजा सरकन जातो. मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची. साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांनी तो सैल पडतो, मग बदला.

ऑपरेशनचा इतिहास मोठा आहे. रोमचा सेनापती मारियस यानं स्वतःला बांधून न घेता, हूं की चूं न करता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढं करायला नकार दिला. इलाज दुखण्यापेक्षा महाग, असा त्याचा हिशेब होता. प्लुटार्कनं हे लिहून ठेवलंय. १८९० च्या सुमारास जर्मनीत ट्रेंडेलेनबुर्ग या सर्जननं मांडीतली मुख्य शीर बांधायची पद्धत रूढ केली. पुढं जांघेतून घोट्याकडं तार घालून शीर ओढून काढू लागले. आता लेझर किंवा रेडिओलहरींनी ती आतूनच भाजून बंद करतात, औषधाचा फेस टोचतात, नाहीतर वैद्यकीय डिंकानं चिकटवतात. लोक विचारतात, शीर गेली तर रक्त जाणार कुठून? पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतूनच जातं. ही वरची गळकी शीर बंद झाल्यानं उलट त्यांचा भार हलका होतो. नुसती थकवा-जडपणाची तक्रार असेल तर घाई नको. जखम असेल तर मात्र उशीर नको: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात शिरेचा इलाज लवकर केलेल्यांची जखम मध्यकानुसार ५६ दिवसांत भरली, पट्टीवर थांबलेल्यांची ८२ दिवसांत. पट्टी दोन्ही गटांना होती, हे विसरू नये.

ऑपरेशननंतर नर्सनं पेशंटला झोपवून ठेवायचं नसतं. भूल उतरली की त्याच दिवशी चालवायचं, म्हणजे गुठळीचा धोका घटतो. घरचे रागावतात, "ऑपरेशन झालंय, आणि चालवताय?" चालवायचंच. बसताना पाय वर, उभं राहिलात तर पावलं हलवत राहा, दर तासाला वीस-पंचवीस वेळा टाचा उचला. घोट्याजवळ थोडी बधिरता काही दिवस राहू शकते.

एक गोष्ट प्रत्येक घरानं पाठ करावी. फुगलेली शीर कधी न्हाणीघरात कढत पाण्यानं किंवा नखानं फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. लोक घाबरून मांडीला दोरी आवळतात, त्यानं रक्त आणखी वाहतं. माणसाला तिथंच जमिनीवर आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ फडकं जागेवर घट्ट दाबून ठेवा. बहुतेक वेळा दहा मिनिटांत थांबतं. मग दवाखाना.

पैशाचं म्हणाल तर, आज महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. विष्णुपुरीला किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेलात तर आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड ठेवून आपला इलाज योजनेत बसतो का ते विचारा.

त्या हमाल बाबाची जखम चौथ्या महिन्यात भरली. अकरा ट्यूबा त्यानं माझ्या टेबलावरच सोडल्या होत्या.

नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांना तेल लावाल, तेव्हा दिव्याच्या उजेडात घोट्याच्या आतल्या अंगाला एकदा बघा. काळपट डाग, टणक कातडी किंवा वर आलेली शीर दिसली तर तिथं रगडू नका, कढत पाणी ओतू नका. आणि पाडवा-भाऊबीज उरकली की त्यांना सर्जरीच्या ओपीडीत घेऊन जा.