शास्त्रज्ञाचे काम कोणत्या मापाने मोजायचे?

शेतकऱ्याचे पीक क्विंटलमध्ये मोजता येते, गवंड्याची भिंत फुटांमध्ये. शास्त्रज्ञाचे काम कशात मोजायचे? त्याचे पीक म्हणजे शोधनिबंध. पण नुसती निबंधांची संख्या धरली, तर दहा हंडे ताक आणि लोण्याचा एक गोळा यांतला फरक कळत नाही. म्हणून दुसरे माप पुढे आले. एखाद्या निबंधाचा संदर्भ नंतरच्या किती निबंधांनी दिला, हे पाहायचे. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये अशा संदर्भांची सूची प्रसिद्ध केली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी दोन्ही मापे एकत्र आणली. एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले असतील, पण २१ निबंधांना २१ मिळाले नसतील, तर त्याचा 'एच-निर्देशांक' २०.

हे माप उपयोगी खरे, पण ते कुठे तोकडे पडते हे रिचर्ड हेक या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या उदाहरणावरून समजते. औषधे, रंग, प्लॅस्टिक यांचे रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंचे सांगाडे. पण हव्या त्या दोन कार्बन अणूंना एकमेकांशी जोडणे सोपे नसते. हेक यांनी पॅलेडियम या धातूला मध्यस्थ केले. लग्न जुळवणाऱ्यासारखा हा धातू दोघांना जवळ आणतो, गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे वळतो. अमेरिकेतील एका रासायनिक कंपनीत नोकरीला असताना, १९६८ मध्ये त्यांचे या विषयावरील ७ निबंध एकाच नियतकालिकात ओळीने आले. सातही निबंधांवर लेखक म्हणून त्यांचे एकट्याचेच नाव होते. जपानमध्ये त्सुतोमु मिझोरोकी यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे अशीच अभिक्रिया दाखवली. १९७२ मध्ये हेक यांनी ती अधिक सुटसुटीत केली.

पुढे ते डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण संशोधनाला निधी मिळेनासा झाला आणि १९८९ मध्ये ते निवृत्त झाले. नंतर ते फिलिपिन्समध्ये जाऊन राहिले. इकडे त्यांची अभिक्रिया जगभरच्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत पोहोचत होती. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक औषध तयार करण्याची एक पद्धत तिच्यावरच आधारलेली आहे. २०१० मध्ये एइइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांच्यासह हेक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ मध्ये मनिला येथे त्यांचे निधन झाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, संदर्भ उशिरा जमतात. निधी देणारी समिती आजचा आकडा पाहते, कामाचे मोल मात्र कधी कधी वीस वर्षांनी कळते. दुसरी अधिक गमतीची. शोध फार परिचित झाला की त्याचा मूळ निबंध कोणी सांगत नाही. नुसते 'हेक अभिक्रिया' म्हटले की भागते. गुरुत्वाकर्षणाबद्दल लिहिताना न्यूटनच्या ग्रंथाचे पान कोण देतो? म्हणजे यश पूर्ण झाले की मोजणीतून ते निसटूही शकते.

शिवाय रसायनशास्त्रात संदर्भ भराभर वाढतात, गणितात सावकाश. त्यामुळे दोन शाखांतील माणसांची तुलना या आकड्यांवरून करणे अन्यायाचे ठरते. आपल्याकडेही प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांमध्ये निबंधांची मोजदाद होते. ती जरूर व्हावी. पण निवड करणाऱ्यांनी त्यातले दोन-तीन निबंध स्वतः वाचावेत, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?