तुरुंगाच्या दारातला वार्ताहर

‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स’ या १९४९ सालच्या चित्रपटाच्या अखेरीस, फाशीतून सुटलेला नायक तुरुंगाबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच एक बुटका वार्ताहर अदबीने पुढे होऊन त्याच्या आत्मचरित्राविषयी पृच्छा करतो; आणि आपला लेखी कबुलीजबाब कोठडीतच राहिला, हे त्या खुन्याला तेव्हा उमगते. क्षणभराचीच ही भूमिका आर्थर लो यांची.

डर्बीशरमधील हेफील्ड येथे १९१५ साली जन्मलेल्या या नटाने अभिनयाचे प्राथमिक धडे लष्करी चाकरीत गिरवले. पुढे ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मधल्या कापडदुकानदारामुळे तो घरोघरी पोहोचला खरा, परंतु त्याची खरी दौलत म्हणजे १९६८ ते १९७७ चाललेल्या ‘डॅड्‌स आर्मी’तील कॅप्टन मॅनरिंग. बँकेचा हा व्यवस्थापक गृहरक्षक दलाचा हुद्दा स्वतःच स्वतःस बहाल करतो. हाताखालचा सार्जंट विल्सन, बँकेतला त्याचाच मुख्य कारकून, कुलशीलाने मात्र वरचढ! फजिती झाल्यावर टोपी वाकडी, चष्मा नाकावरून घसरलेला, आणि तरीही रुबाब तसूभर ढळू न देता गाल फुगवून उभे राहणे, ही किमया, माझ्या मते, विनोदी संवादांहून कितीतरी दुर्घट. पदाची ऐट आणि मनातली धास्ती दोन्ही त्या एका श्वासात दिसत.

‘ओ लकी मॅन!’ या चित्रपटातील तिहेरी भूमिकेने त्यांना बाफ्टा पारितोषिकही मिळवून दिले. १९८२च्या एप्रिलमध्ये, बर्मिंगहॅमच्या नाट्यगृहात, प्रयोगापूर्वी रंगपटातच ते कोसळले.