एक पट्टा, तीस कोटी फेरे

मोटारीचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना त्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि 25 वेळा मिटतो. पिस्टन क्रँकशाफ्टला फिरवतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा बरोबर एकच फेरा व्हावा लागतो. हा हिशेब सांभाळतो तो टायमिंग बेल्ट. कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या नेमके दुप्पट दाते असतात. बस्स, एवढंच गणित!

1962 मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने ‘1004’ या गाडीत लोखंडी साखळीऐवजी दातेरी पट्टा बसवला. तो हलका होता, आवाज करत नव्हता आणि त्याला तेलही लागत नव्हतं. आपल्याकडे मारुती 800 च्या इंजिनातही असाच पट्टा होता. अशा पट्ट्याच्या रबराच्या पोटात सहसा काचेच्या तंतूंचे दोर असतात, म्हणून तो ताणला जात नाही. ताशी सरासरी 40 किलोमीटर वेग आणि मिनिटाला 2000 फेरे धरले, तर एक लाख किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्ट तीस कोटी वेळा फिरतो. एवढ्या प्रवासात एक दातासुद्धा चुकून चालत नाही.

कारण बऱ्याच इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत वावरतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह आहे तिथेच थांबतात, पिस्टन मात्र वेगात वर येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचं हेड उतरवावं लागतं. पट्टा बहुधा आधी काही सांगत नाही, म्हणून तो तुटायची वाट न बघता मुदतीआधी बदलायचा असतो. अनेक गाड्यांत ही मुदत एक लाख किलोमीटरच्या आसपास असते, काहींत कमी-जास्त. वर्षांचीही मर्यादा असते, कारण गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं. किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल ते धरायचं. त्याच वेळी पट्टा ताणून धरणारा टेन्शनरही बदलावा, आणि वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. नाहीतर त्यांच्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं.

साखळीचा स्वभाव वेगळा. सायकलच्या चेनसारखीच ती पिना झिजल्या की लांबते. इंजिनाच्या तेलातच ती फिरते, त्यामुळे तेल वेळेवर बदललं तर अनेकदा गाडीइतकीच टिकते. तिला ठरलेली मुदत सहसा नसते. पण ती बिघडताना बोलते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड ऐकू आली किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर लगेच तपासून घ्यावी.

आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आज मॅन्युअल उघडून बघा. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि आधी गॅरेज गाठा.